आवराआवरीचा धडा

बँकेत असताना एक गोष्ट मी शिकलो. व्यवहार अर्ध्यावर फसला, की झालेल्या नोंदी उलट्या क्रमाने रद्द करत यायचे. एक राहिली, तरी संध्याकाळी हिशेब जुळत नसे. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकतज्ज्ञांचे आयुष्य समजून घेताना मला त्या संध्याकाळी आठवल्या.

त्यांचा जन्म १९३० साली रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणिती. १९५६ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये, होणाऱ्या बायकोबरोबर बाजारहाट करून कॉफीला टेकले असताना, त्यांनी वीस मिनिटांत, कागद-पेन्सिलीवाचून, दोन गावांमधला जवळात जवळचा रस्ता काढण्याची रीत शोधली. आज संगणकांच्या अनेक जाळ्यांत निरोपांची वाट याच रीतीने ठरते. पुढच्याच वर्षी लग्नाच्या नोंदणीत त्यांनी ‘प्रोग्रामर’ हा व्यवसाय सांगितला, तर असा व्यवसायच नसतो म्हणून तो नाकारला गेला!

१९६८ साली एका छोट्या पत्रातून त्यांनी ‘गो टू’ या आज्ञेविरुद्ध आवाज उठवला. ती प्रोग्रामला कुठूनही कुठेही उडी मारायला लावते आणि वाचणाऱ्याला माग लागत नाही. माणसाच्या बुद्धीला मर्यादा आहेत, त्या ओळखून लिहा, हा त्यांचा आग्रह.

गंमत पुढेच आहे. १९९१ साली जन्मलेल्या लिनक्सच्या गाभ्यात, जाळ्याचा कारभार पाहणाऱ्या भागात, हीच आज्ञा जागोजाग दिसते. तिथे आधी मेमरीत जागा घ्यायची, मग एकाच खातेवहीला दोघांनी हात लावू नये तसे कुलूप घालायचे, मग पुढचे काम. ते फसले, तर आधी कुलूप काढायचे, मग जागा परत करायची. ही आवराआवर दहा ठिकाणी लिहिली, की एखादे कुलूप लागलेलेच राहते आणि यंत्र अडून बसते. म्हणून ती शेवटी एकदाच लिहितात. चूक झाली, की ‘गो टू’ने थेट तिथे.

मग डाइक्स्ट्रा हरले का? मला नाही वाटत. ही उडी पुढेच जाते, दाराकडेच नेते. वाचणाऱ्याची वाट चुकत नाही. आज्ञा त्यांना नावडती, तरी तळमळ त्यांचीच.

१९७२ साली त्यांना ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. २००२ साली ते गेले. मागे फाउंटन पेनने लिहिलेली शेकडो टिपणे राहिली. चूक कुणाकडूनही होते. ती निस्तरण्याची वाट आधीच आखून ठेवणे, हीच खरी शिस्त.