देवासाठी घर सुटलं, पण नातं नाही : कवी ना. वा. टिळकांची गोष्ट

टिळक म्हटलं की आपल्याला लोकमान्य आठवतात. पण त्याच काळात महाराष्ट्रात आणखी एक टिळक गाजले, ते म्हणजे कवी नारायण वामन टिळक.

१८६१ साली कोकणातल्या करजगावात, ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८८० मध्ये लक्ष्मीबाईंशी लग्न झालं. पुढे बायबल वाचता वाचता ते येशूकडे ओढले गेले. ख्रिस्ती झालो तर घर आणि जात दोन्ही सुटणार, हे त्यांना ठाऊक होतं. तरीही १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

याची किंमत एकट्या टिळकांनी मोजली नाही. नवरा जिवंत असून दुरावलेला, पदरात लहानगा दत्तू. लक्ष्मीबाईंना काही वर्षं नातेवाईकांच्या आधाराने काढावी लागली. हे सगळं त्यांनी पुढे ‘स्मृतिचित्रे’त मोकळेपणाने लिहिलं.

पण देव आधी, म्हणजे माणसं नकोत, असं टिळकांनी कधी मानलं नाही. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. काही वर्षांनी दोघं पुन्हा एकत्र आले, तेव्हाही पत्नीवर धर्माची सक्ती केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी राहुरीला स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. या वेळी लक्ष्मीबाई सोबत होत्या.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. येशूच्या जीवनावरचं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.