टॅरोची ७८ चित्रं काढणारी ‘पिक्सी’, जिचं नाव डेकवर आलंच नाही

इन्स्टाग्रामवर टॅरोचे रील्स बघता बघता अनेकांना वाटतं, आपणही एक डेक घ्यावा. ऑनलाईन शोधायला गेलं की सर्वात गोड दिसतात ते परीकथेतले डेक. पंखवाल्या पऱ्या, फुलांची घरं, छत्रीसारखी अळंबी, चांदण्यातलं जंगल. पण यातले बरेचसे डेक नीट पाहिले तर लक्षात येतं, की परी नवी असली तरी चित्रातला प्रसंग जुनाच आहे. तो प्रसंग १९०९ मध्ये लंडनमधल्या एका बाईने काढला होता. तिला जवळचे लोक ‘पिक्सी’ म्हणायचे. पिक्सी म्हणजे इंग्लंडच्या लोककथांमधली छोटी, खट्याळ परी.

तिचं खरं नाव पामेला कोलमन स्मिथ.

तीन देशांत गेलेलं बालपण

पामेलाचा जन्म १६ फेब्रुवारी १८७८ चा, लंडनमधला. आईवडील अमेरिकन. सुरुवातीची वर्षं मँचेस्टरमध्ये गेली. मग वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब जमैकाला गेलं. तिथे तिने अनान्सी नावाच्या चलाख कोळ्याच्या गोष्टी ऐकल्या आणि त्या आयुष्यभर तिच्यासोबत राहिल्या.

१८९३ मध्ये, म्हणजे पंधराव्या वर्षी, ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकला शिकायला गेली. १८९६ मध्ये आई वारली. पुढच्या वर्षी तिने पदवी न घेताच शिक्षण सोडलं. १८९९ मध्ये वडीलही गेले. त्याच वर्षी जमैकाच्या गोष्टींचं तिचं पुस्तक ‘अनान्सी स्टोरीज’ आलं. एकविसाव्या वर्षी ती एकटी होती, पण हातात कला होती.

नाटकवाल्यांनी ठेवलेलं नाव

लंडनमध्ये तिला आधार दिला लायसियम थिएटरच्या मंडळींनी. अभिनेत्री एलन टेरी, नट हेन्री आयर्विंग आणि थिएटरचा कारभार बघणारा, ‘ड्रॅक्युला’ लिहिणारा ब्रॅम स्टोकर. ‘पिक्सी’ हे नाव एलन टेरींनी दिलं असं सांगतात. पामेला नेपथ्य आणि वेशभूषेचं काम करायची, रंगीत झगे घालून लोकांना जमैकाच्या गोष्टी सांगायची. १९०३ मध्ये तिने ‘द ग्रीन शीफ’ नावाचं छोटं मासिक काढलं. त्याचे १३ अंक निघाले.

संगीत ऐकलं की तिला डोळ्यांसमोर चित्रं दिसायची आणि ती तशीच कागदावर उतरवायची. जानेवारी १९०७ मध्ये न्यूयॉर्कला फोटोग्राफर आल्फ्रेड स्टिग्लिट्झच्या गॅलरीत तिची चित्रं लागली. त्या गॅलरीत तोवर फक्त फोटोच लागत. फोटोग्राफर नसलेली तिथली पहिली कलाकार म्हणजे पामेला.

मग टॅरो कुठून आला?

१९०१ मध्ये ती ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत गेली. तिथेच आर्थर एडवर्ड वेट हे लेखक होते. १९०९ मध्ये वेट यांनी तिला टॅरोच्या ७८ कार्डांची चित्रं काढायला सांगितली. साधारण सहा महिन्यांत तिने सगळी पूर्ण केली. डिसेंबर १९०९ मध्ये विल्यम रायडर अँड सन या प्रकाशकाने तो डेक बाजारात आणला.

तिने नेमकं काय वेगळं केलं, हे समजायला आपला पत्त्यांचा कॅट आठवा. बदामची सत्ती म्हणजे कार्डावर सात बदाम, बाकी काही नाही. टॅरोमध्ये २२ मोठी कार्डं आणि ५६ छोटी कार्डं असतात. त्या काळच्या बहुतेक डेकमध्ये छोटी कार्डं अशीच असायची. पाच प्याले म्हणजे नुसते पाच प्याले. अर्थ पाठ करावा लागायचा.

पामेलाने त्या प्रत्येक कार्डावर एक प्रसंग काढला. तिच्या पाच प्याल्यांच्या कार्डावर काळा झगा घातलेला माणूस मान खाली घालून उभा आहे. समोर तीन प्याले सांडलेत, मागे दोन अजून उभे आहेत आणि त्याचं तिकडे लक्षच नाही. हे कार्ड समजायला पुस्तक लागत नाही. पंधराव्या शतकातल्या ‘सोला बुस्का’ या इटालियन डेकमध्ये असे प्रसंग होते, पण घराघरांत पोहोचले ते पामेलाचे. वेट यांनी मोठ्या कार्डांबद्दल बारकाईने सूचना दिल्या होत्या. छोटी कार्डं मात्र बरीचशी तिच्याच कल्पनेतून आली, असं अभ्यासक मानतात.

काम मोठं, पैसे थोडे

या एवढ्या कामाचे पैसे फारच कमी मिळाले, असं तिने त्याच वर्षी स्टिग्लिट्झला पत्रातून कळवलं होतं. रॉयल्टी नाहीच. डेक ओळखला गेला ‘रायडर-वेट’ म्हणून. रायडर प्रकाशक, वेट लेखक. चित्रकार गायब. तिची खूण उरली ती कार्डांच्या कोपऱ्यात, सापासारख्या वळणदार सहीत.

१९११ मध्ये ती कॅथलिक झाली. पहिल्या महायुद्धानंतर वारशाचे थोडे पैसे मिळाले, तेव्हा कॉर्नवॉलमध्ये घर घेतलं आणि तिथे धर्मगुरूंसाठी विश्रामगृह चालवलं. कॉर्नवॉल म्हणजे पिक्सींच्या दंतकथांचाच मुलूख. १८ सप्टेंबर १९५१ रोजी तिथल्याच ब्यूड गावात ती वारली. डोक्यावर कर्ज होतं. ते फेडायला तिच्या वस्तू लिलावात विकल्या गेल्या.

त्यानंतर वीसेक वर्षांनी अमेरिकेत टॅरोची लाट आली आणि तिचा डेक जगभर गेला. आता अनेक जण त्याला ‘रायडर-वेट-स्मिथ’ म्हणतात.

परीचा डेक घेताना काय बघाल?

टॅरोवर विश्वास ठेवायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण डेक घ्यायचाच असेल तर आधी कार्डं मोजा. ७८ असतील तर तो टॅरो. ४०-५० असतील तर बहुतेक ‘ओरॅकल’ डेक, त्याचे नियम वेगळे. मग छोटी कार्डं उघडून बघा. तिथे प्रसंग आहे की नुसते प्याले आणि तलवारी? नवख्या माणसाला प्रसंगवाला डेक सोपा जातो, आणि ही सोय पिक्सीमुळे झाली.

शेवटी खोकं उलटून बघा. चित्रकाराचं नाव छापलंय का? पामेलाच्या वेळी ते राहून गेलं होतं.