विश्लेषण : एका सिस्टरमागे किती रुग्ण? हा आकडा ठरण्याआधी रमाबाई रानडेंनी काय केले?

बुलढाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण सुरू झाले की तिथल्या परिचारिकांचा निकषही बदलतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी, तर शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक. म्हणजे १०० रुग्णांसाठी २० ऐवजी ३३ ते ३४. पदे कागदावर वाढवता येतात, पण प्रशिक्षित माणसे येणार कुठून? सव्वाशे वर्षांपूर्वी हा प्रश्न आजच्यापेक्षा अवघड होता. तेव्हा त्याला हात घालणाऱ्यांत रमाबाई रानडे होत्या.

रमाबाई रानडे कोण होत्या?

२०१२ मध्ये आलेल्या ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे रमाबाईंचे बालपण आणि शिक्षण घराघरांत पोहोचले. त्यांचा जन्म १८६२ मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावी कुर्लेकर कुटुंबात झाला. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे वयाने वीस वर्षांनी मोठे होते आणि हा त्यांचा दुसरा विवाह होता. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानडेंनी स्वतः मात्र वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवली, म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली.

लग्नानंतर रानडेंनी पत्नीला आधी मराठी आणि पुढे इंग्रजी शिकवायला घेतले. घरातल्या बायकांना ते पसंत नव्हते. सुनेने पुस्तक हातात घ्यावे, हेच त्यांना खटकत होते. रमाबाईंनी घरची कामे सांभाळली, बोलणी ऐकून घेतली आणि शिकणे सोडले नाही. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या, तेव्हा त्यांच्या आर्य महिला समाजाच्या कामात रमाबाई रानडे सहभागी झाल्या. पुण्यात मुलींचे हायस्कूल सुरू व्हावे यासाठीही त्या पुढे आल्या. १८८४ मध्ये सुरू झालेली ती शाळा आज हुजूरपागा म्हणून ओळखली जाते. पुढे मुंबईत त्यांनी स्त्रियांसाठी भाषा, सामान्यज्ञान आणि शिवणकामाचे वर्ग चालवले.

रुग्णालयाशी संबंध कधी आला?

जानेवारी १९०१ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांचे निधन झाले. रमाबाईंनी तेव्हा वयाची चाळिशीही गाठली नव्हती. त्या मुंबईहून पुण्यात परतल्या आणि सुमारे वर्षभर सार्वजनिक कामापासून दूर राहिल्या. त्यानंतर त्या घराबाहेर पडल्या त्या कारागृहातील स्त्रियांना आणि रुग्णालयातील रुग्णांना भेटण्यासाठी. रुग्णांसाठी त्या फळे, फुले आणि पुस्तके नेत.

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी स्त्रियांसाठी एक संस्था काढण्याचा विचार मांडला. भारतीय स्त्रियांना परिचारिका म्हणून तयार करणे हा त्यातला एक मुख्य भाग होता. मार्गदर्शनासाठी ते रमाबाईंकडे आले आणि मुंबईत सेवासदन उभे राहिले. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. त्यासाठी रमाबाईंनी स्वतःचे घर दिले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कामातले त्यांचे प्रमुख सहकारी.

तेव्हा परिचारिका का मिळत नव्हत्या?

तेव्हा रुग्णालयांतील परिचारिका बहुतेक युरोपीय, अँग्लो-इंडियन किंवा भारतीय ख्रिस्ती असत. हिंदू घरांतून, त्यातही वरच्या मानल्या जाणाऱ्या जातींतून मुली या कामाकडे येत नसत. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचे, विटाळ पाळायचा नाही, पुरुष डॉक्टरांसोबत काम करायचे आणि रात्रपाळीला घराबाहेर राहायचे, यातली एकेक गोष्ट त्या काळी बदनामीला पुरेशी होती.

त्याच वेळी अनेक घरांत बालविधवा होत्या. त्यांना शिक्षण नव्हते, स्वतःची कमाई नव्हती आणि घरात मान नव्हता. एकीकडे रुग्णालयांना माणसे हवी होती आणि दुसरीकडे या स्त्रियांना आधार हवा होता. सेवासदनाने या दोन गरजांची सांगड घातली.

सेवासदनाने नेमके काय बदलले?

प्रशिक्षणासाठी सेवासदनाच्या स्त्रिया पुण्याच्या ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. पण केवळ प्रशिक्षणाची सोय पुरेशी नव्हती. मुलगी राहणार कुठे आणि तिच्यावर लक्ष कोण ठेवणार, हे घरच्यांचे पहिले प्रश्न असत. त्यासाठी संस्थेने शिकाऊ परिचारिकांची वसतिगृहे चालवली, वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी वेगळे वसतिगृह ठेवले. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी संस्थेच्या प्रमुख आहेत, हेच अनेक कुटुंबांसाठी मोठे आश्वासन होते.

१९१५ मध्ये पुणे सेवासदन ही संस्था म्हणून नोंदली गेली. १९२४ मध्ये रमाबाईंचे निधन झाले तेव्हा तिथे एक हजारांहून अधिक स्त्रिया शिकत होत्या. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६२ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

मग प्रमाणाचा आकडा कधी आला?

रमाबाईंच्या हयातीत भारतात असा राष्ट्रीय निकष ठरलेला नव्हता. मुळात परिचारिकाच मोजक्या होत्या. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार देशात सुमारे ७ हजार परिचारिका होत्या, म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक. हे प्रमाण ५०० लोकांमागे एक असावे, असे उद्दिष्ट समितीने ठेवले. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. परिचारिकांच्या शिक्षणाचे आणि संख्येचे देशपातळीवरील निकष त्यानंतर ठरत गेले.

विभाग बदलला की हे प्रमाणही बदलते. अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका अपेक्षित असते, तर प्रसूतिगृहात प्रत्येक प्रसूती टेबलामागे एक. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन सतत पाहावे लागतात, तर साध्या वॉर्डातला रुग्ण थोडा वेळ स्वतःला सांभाळू शकतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९९ मध्ये असे प्रमाण थेट कायद्यात घातले आणि २००४ पासून ते लागू केले.

कागदावरचा आकडा आणि रात्रपाळीचा आकडा वेगळा का?

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाचे उदाहरण घेऊ. २०१२ च्या भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांनुसार ३० खाटांच्या रुग्णालयाला १० परिचारिका हव्यात. वरवर पाहता हे प्रमाण तीन खाटांमागे एक असे दिसते.

पण रुग्णालय २४ तास चालते. दिवसाला तीन पाळ्या धरल्या तर आठवड्याच्या २१ पाळ्या होतात. साप्ताहिक सुट्टी धरून प्रत्येक परिचारिका आठवड्यात सहा पाळ्या करते, म्हणजे दहाजणींच्या मिळून ६० पाळ्या होतात. ६० ला २१ ने भागले तर एका पाळीला तीनही परिचारिका पुऱ्या पडत नाहीत. त्यातली एक प्रसूतिगृहात आणि एक तातडीच्या रुग्णांकडे गेली, तर वॉर्डातल्या सगळ्या खाटा उरलेल्या एकीवर येतात. कुणी आजारी पडले, बाळंतपणाच्या रजेवर गेले किंवा एखादे पद रिक्त राहिले तर हे गणित आणखी बिघडते. म्हणूनच परिचर्या परिषदेच्या निकषांत रजेसाठी ३० टक्के जादा मनुष्यबळ धरलेले असते.

बुलढाणेकरांसाठी याचा अर्थ काय?

परिचारिका भरतीच्या बातमीत बहुतेक वेळा मंजूर पदांचा आकडा असतो. त्यासोबत आणखी दोन आकडे पाहायला हवेत. त्यातली किती पदे भरली आहेत आणि रात्रपाळीला एका वॉर्डात प्रत्यक्ष किती जणी असतात? रुग्णाला मिळणारी सेवा या तिसऱ्या आकड्यावर ठरते.

रमाबाईंच्या कामातून चौथा प्रश्नही पुढे येतो. बाहेरगावाहून नेमणूक झालेल्या परिचारिकेची राहण्याची सोय काय आणि रात्री ड्युटी संपवून ती सुरक्षित घरी पोहोचते का? ही सोय नसेल तर भरलेले पद बदलीने किंवा राजीनाम्याने पुन्हा रिकामे होऊ शकते. सेवासदनाने प्रशिक्षणाच्या जोडीला वसतिगृह उभे केले, म्हणूनच मुलींना घराबाहेर पाठवायला अनेक कुटुंबे तयार झाली.