माती, खारा वारा आणि करमरकर

श्रावण लागला की आमच्या हेदवीच्या बाजूला गणपतीच्या शाळा गजबजतात. ज्याच्या पडवीत पाट रांगेने मांडले, तिथे शाळा. मूर्तिकाराची बोटं आठवडेच्या आठवडे मातीत असतात आणि चतुर्थीनंतर कुणाकडे दीड दिवसाने, कुणाकडे पाच दिवसांनी ती सगळी मेहनत पऱ्ह्याच्या नाहीतर समुद्राच्या पाण्यात विरघळून जाते. मूर्ती घडवायची ती विरघळण्यासाठीच, हा कोकणचा शिरस्ता.

या शिरस्त्यातून एक मुलगा बाहेर पडला आणि न विरघळणारी शिल्पं करू लागला. विनायक पांडुरंग करमरकर, म्हणजे शिल्पकार नानासाहेब करमरकर, यांचा जन्म १८९१ सालचा. गाव अलिबागजवळचं सासवणे, अगदी समुद्राला लागून. वडील गणपती करीत. मुलाने गावातल्या राममंदिराच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. ते तिथले कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेला पडलं. परक्या राजवटीतला हा साहेब रसिक निघाला. त्याने पोराला मुंबईच्या जे. जे. स्कूलची वाट दाखवली.

पुढची कमान चढतीच होती. सुरेंद्रनाथ टागोरांच्या आधाराने कलकत्त्याला स्टुडिओ झाला. १९२० मध्ये करमरकर लंडनच्या रॉयल अकादमीत शिकायला गेले. परतल्यावर पुण्याच्या शिवस्मारकाचं काम त्यांच्याकडे आलं. साडेतेरा फूट उंचीचा अश्वारूढ पुतळा, तोही एकसंध ओतायचा! हे ओतकाम मुंबईच्या माझगाव गोदीत झालं आणि १९२८ साली पुतळा पुण्यात उभा राहिला. देवळाच्या भिंतीवरचे महाराज असे ब्राँझमध्ये उतरले. शंख फुंकणाऱ्या स्त्रीचं त्यांचं ‘शंखध्वनी’ हे शिल्पही गाजलं. पुढे पद्मश्री मिळाली.

पण मला करमरकर कळतात ते सासवण्याच्या घरात. त्यांचं शिल्पालय तिथेच आहे. मोठ्यांचे पुतळे ब्राँझचे. त्यांना पैसे मोजणारं कुणीतरी होतं. मत्स्यगंधेला, गावातल्या कष्टकरी बायामाणसांना, अंगणातल्या म्हशीला कोण पैसे देणार? त्यांच्यासाठी या माणसाने सिमेंट आणि प्लास्टर हाती घेतलं. बांधकामाच्या घमेल्यातलं सिमेंट, पण त्यात म्हशीच्या कातडीची सुरकुती आली, कोळणीच्या अंगाचा डौल आला.

उमेदीची वर्षं मी बँकेत काढली. कर्जाच्या अर्जासोबत तारण काय, ते किती टिकेल, हे तपासणं माझं काम. त्या नजरेने पाहिलं तर खाऱ्या वाऱ्यात ठेवलेलं सिमेंट आणि प्लास्टर हे काही भक्कम तारण नव्हे. दमट हवा प्लास्टरला पोखरते, सिमेंटला तडे पाडते, आतली लोखंडी सळई गंजवते. लंडनहून शिकून आलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल? तरीही आपली माणसं त्याने अशा वस्तूत घडवली की जी सांभाळावी लागते. १९६७ साली नानासाहेब गेले. घरच्या मंडळींनी हे सगळं सांभाळलं, म्हणून ते आज पाहायला मिळतं.

ब्राँझला राखणदार कमी लागतो. सिमेंटला पिढ्यान् पिढ्या लागतो. आमच्या किनाऱ्याचंही तसंच आहे. खाडी, पऱ्हे, कोळीवाडा, पडवीतली शाळा, यातलं काहीच आपोआप टिकणारं नाही. कोणीतरी रोज पुसावं, डागडुजी करावी, तेव्हा ते उरतं.

मुंबईकरांनी गेटवेहून लाँच धरून मांडव्याला उतरावं; सासवणे तिथून फार दूर नाही. मुलांना आवर्जून न्या. पुण्याचा घोडा त्यांना दिसलेला असतो. सासवण्याची म्हैसही दिसायला हवी. आणि ती पाहताना त्यांना एवढंच सांगा, की हिला आजवर कुणीतरी जपलं आहे आणि पुढेही कुणाला तरी जपावं लागणार आहे.