दारूचा स्मगलर जेलमध्ये गेला, पण त्याच्या टॅप झालेल्या फोनने जगाला प्रायव्हसीचा प्रश्न विचारला

फोन टॅपिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजकारणी येतात, मंत्रालय येतं, नाहीतर परदेशातून आलेलं एखादं भारी सॉफ्टवेअर येतं. पण सरकारने नागरिकाचा फोन चोरून ऐकावा की नाही, यावरची पहिली मोठी कोर्टाची लढाई एका दारूच्या स्मगलरमुळे झाली होती. तीही जवळपास शंभर वर्षांपूर्वी, अमेरिकेत.

त्याचं नाव रॉय ओल्मस्टेड. गंमत म्हणजे हा गडी आधी पोलीस होता.

पोलीस खात्यातला हुशार पोरगा

ओल्मस्टेडचा जन्म १८८६ सालचा, नेब्रास्का राज्यातल्या बीव्हर सिटी नावाच्या छोट्या गावातला. विशीच्या आसपास तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सिएटलला आला. जहाजं बांधायच्या गोदीत काम केलं आणि मग पोलिसांत भरती झाला. डोकं तल्लख, बोलणं गोड, कामात चोख. भराभर बढत्या घेत तो लेफ्टनंट झाला. खात्यातल्या सगळ्यात तरुण लेफ्टनंटपैकी एक म्हणून वरिष्ठांचा त्याच्यावर जीव होता.

सिएटल ज्या राज्यात येतं त्या वॉशिंग्टन राज्यात १९१६ पासूनच दारूबंदी लागली होती. जानेवारी १९२० मध्ये ती सगळ्या अमेरिकेत लागू झाली. आता दारू बंद झाली म्हणून पिणारे थोडीच बंद होतात. चोरून दारू विकणाऱ्यांना पकडणं हे ओल्मस्टेडचं रोजचं काम झालं. ही माणसं पकडता पकडता त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. धंद्यात पैसा बक्कळ होता, पण करणारे बावळट होते. नियोजन नाही, हिशोब नाही, एकमेकांशी मारामाऱ्या. हाच धंदा नीट कंपनीसारखा चालवला तर?

त्याने नोकरी सांभाळून साइड बिझनेस सुरू केला. मार्च १९२० मध्ये एका रात्री सिएटलच्या उत्तरेला किनाऱ्यावर बोटीतून कॅनडाची व्हिस्की उतरवून घेताना दारूबंदी खात्याच्या एजंटांनी छापा घातला. ओल्मस्टेडने गाडी काढली आणि नाकाबंदीला वळसा घालून सुसाट निघून गेला. पण एजंटांनी त्याला ओळखलं होतं. अटक झाली, नोकरी गेली, ५०० डॉलर दंड झाला.

एखादा माणूस इथे खचला असता. ओल्मस्टेड मात्र फुल टाइम स्मगलर झाला.

स्मगलिंगची कंपनी

त्याने कंपनी काढली म्हणजे खरोखरच काढली. स्वतःचे १०,००० डॉलर घातले, आणखी ११ भागीदारांकडून प्रत्येकी १,००० डॉलर घेतले. नफ्यातला निम्मा वाटा ओल्मस्टेडचा, उरलेला बाकीच्यांचा. ऑफिस, हिशोबनीस, माल उतरवणारे, ड्रायव्हर, बोटी, ट्रक, वकील सगळं होतं. कामाला पन्नासच्या वर माणसं होती.

माल यायचा शेजारच्या कॅनडातून. तिथे दारू बनवणं कायदेशीर होतं, पण अमेरिकेला पाठवायच्या मालावर पेटीमागे २० डॉलरचा कर होता. मग ओल्मस्टेडची जहाजं व्हँकुव्हरहून निघताना कागदावर मेक्सिकोचं नाव टाकायची. कर वाचायचा, भाव पडायचा आणि बाकीचे स्मगलर स्पर्धेतून बाद व्हायचे. माल एका छोट्या बेटावर उतरवायचा आणि तिथून वेगवान बोटींनी अमेरिकेत आणायचा. समुद्र जितका खवळलेला तितकं चांगलं, कारण अशा हवेत तटरक्षक दलाच्या बोटी बाहेर पडायला कचरायच्या.

सिएटलमध्ये दिवसाला २०० पेट्यांपर्यंत माल पोचायचा. मंदीच्या महिन्यातही १,७६,००० डॉलरची विक्री आणि वर्षाला २० लाखांहून जास्त, असा आकडा पुढे कोर्टाच्या निकालपत्रातच नोंदवला गेला.

तरीही शहरात त्याची इमेज गुंडाची नव्हती. त्याचे काही नियम होते. दारूत भेसळ करायची नाही. माणसांनी बंदूक बाळगायची नाही, कारण पैसा गेला तर परत मिळवता येतो, जीव नाही. जुगार आणि वेश्याव्यवसायाच्या भानगडीत पडायचं नाही. पोलिसांतले जुने मित्र होतेच, त्यांचे खिसे गरम होत होते. शहरातले बडे लोक त्याचे गिऱ्हाईक होते. सज्जन स्मगलर असं त्याला लोक म्हणायचे.

दुसरी बायको एलिस हिच्यासोबत तो सिएटलच्या श्रीमंत वस्तीतल्या बंगल्यात राहायला गेला. १९२४ मध्ये एका तरुण इलेक्ट्रिकल कारागिराला हाताशी धरून त्याने चक्क रेडिओ स्टेशन सुरू केलं. संध्याकाळी एलिस त्यावर लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायची. या गोष्टींमधून समुद्रातल्या बोटींना सांकेतिक निरोप जातात अशी अफवा गावभर होती. ती कधी सिद्ध झाली नाही.

तळघरातला तिसरा कान

ओल्मस्टेडचा सगळा धंदा फोनवर चालायचा. ऑफिसमध्ये तीन फोन होते, घरी वेगळे. ऑर्डर फोनवर, डिलिव्हरी फोनवर, पकडलेला माणूस सोडवायची बोलणीही फोनवर.

त्या काळी घरातल्या फोनपासून एक्स्चेंजपर्यंत तांब्याच्या दोन तारा जायच्या. बोलणाऱ्याच्या आवाजानुसार तारेतल्या विजेत चढ-उतार व्हायचे आणि पलीकडचा रिसिव्हर त्या चढ-उतारांचा पुन्हा आवाज करायचा. या दोन तारांना मध्येच कुठेतरी दोन बारीक तारा जोडायच्या आणि त्यांच्या टोकाला आणखी एक रिसिव्हर लावायचा. झालं काम. बोलणारे दोघं बोलत राहतात आणि तिसरा माणूस कानाला रिसिव्हर लावून सगळं ऐकतो.

दारूबंदी खात्याचा अधिकारी विल्यम व्हिटनी आणि त्याच्या माणसांनी नेमकं हेच केलं. ओल्मस्टेडच्या घरात किंवा ऑफिसच्या खोलीत कुणी पाऊलही ठेवलं नाही. तारा जोडल्या त्या ऑफिसच्या इमारतीच्या तळघरात आणि घराजवळच्या रस्त्यावर. जवळपास पाच महिने आठ फोन ऐकले गेले. कोर्टाचं वॉरंट कुणी घेतलं नव्हतं. बोलणं रेकॉर्ड करायचीही सोय नव्हती. एजंट ऐकायचे, हाताने टिपून घ्यायचे आणि मग ते टाइप व्हायचं. टाइप केलेली पानं भरली ७७५.

फोन ऐकला जातोय ही कुणकुण ओल्मस्टेडला लागली होती. तरीही तो बोलत राहिला. यामागे त्याचं पोलिसी डोकं होतं. वॉशिंग्टन राज्यात १९०९ च्या कायद्याने दुसऱ्याचा फोन चोरून ऐकणं हा गुन्हा होता. म्हणजे ऐकणाराच गुन्हेगार, मग हे ऐकलेलं तो कोर्टात कसं आणणार? उलट फोनवर व्हिटनीला शिव्या घालून तो मजा घ्यायचा. दिवसरात्र कायदा मोडणाऱ्या या माणसाचा कायद्यावर एवढा विश्वास होता.

पाच विरुद्ध चार

नोव्हेंबर १९२४ मध्ये ओल्मस्टेडच्या बंगल्यावर धाड पडली. त्याच्यासह जवळपास ९० जणांवर आरोप ठेवले गेले. १९२६ च्या सुरुवातीला खटला उभा राहिला तेव्हा तारांवर ऐकलेलं बोलणं हाच मुख्य पुरावा होता आणि कोर्टाने तो चालवून घेतला. ओल्मस्टेडला चार वर्षांची शिक्षा आणि ८,००० डॉलर दंड झाला. एलिस निर्दोष सुटली.

ओल्मस्टेड अपील करत करत सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. मी दारू विकलीच नाही, असं तिथे त्याचं म्हणणं नव्हतं. मुद्दा वेगळा होता. अमेरिकेच्या राज्यघटनेची चौथी दुरुस्ती सांगते की माणसाचं घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती घेता येणार नाही. मग वॉरंटशिवाय फोन ऐकणं ही झडती आहे की नाही?

४ जून १९२८ ला निकाल आला. सरन्यायाधीश होते विल्यम टाफ्ट, जे आधी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षही होते. त्यांनी लिहिलं की एजंट घरात शिरले नाहीत, त्यांनी कुठली वस्तू उचलली नाही, फक्त कानांनी ऐकलं. घराबाहेर पसरलेल्या तारा या घराचा भाग होत नाहीत, रस्ता जसा घराचा भाग नसतो तसंच. त्यामुळे ही झडती नाही. पाच न्यायाधीश या बाजूने, चार विरोधात. एका मताने ओल्मस्टेड हरला.

पण आज जग आठवतं ते हरलेल्या बाजूचं मत. ते लिहिलं होतं न्यायमूर्ती लुईस ब्रँडाइस यांनी. प्रायव्हसीच्या हक्कावर त्यांनी १८९० मध्येच एका सहकाऱ्यासोबत गाजलेला लेख लिहिला होता. त्यांचा मुद्दा साधा होता. बंद पाकीट सरकारला फोडता येत नाही, मग फोन का ऐकता यावा? उलट फोन ऐकणं जास्त वाईट, कारण त्यात दोन्ही टोकांच्या माणसांचं बोलणं उघडं पडतं. ज्याच्यावर संशय आहे त्याला फोन करणारा प्रत्येक जण त्या जाळ्यात येतो.

उद्या विज्ञान पुढे गेलं तर कपाटातले कागद बाहेर न काढताच सरकारला ते वाचता येतील, असा इशाराही त्यांनी तेव्हाच दिला. आपल्या खिशातल्या स्मार्टफोनकडे बघा, म्हणजे १९२८ सालचा माणूस काय बोलून गेला ते कळेल. आणि सरकारनेच गुन्हा करून गुन्हेगार पकडले, तर लोक सरकारकडून कायदा मोडायलाच शिकतील, असंही त्यांनी बजावलं. दुसरे एक न्यायमूर्ती, ऑलिव्हर वेंडेल होम्स, यांच्या मते सरकारने असं हलकं काम करण्यापेक्षा काही गुन्हेगार सुटलेले परवडले.

जेल, माफी आणि उशिरा आलेला निकाल

ओल्मस्टेडची रवानगी मॅकनील आयलंडच्या जेलमध्ये झाली. हे बेट सिएटलजवळच्या पुजेट साउंड या खाडीतलं. ज्या पाण्यातून त्याच्या बोटी दारू आणायच्या, तेच पाणी आता जेलच्या चारही बाजूंनी होतं. तिथे तो ख्रिश्चन सायन्स या पंथाकडे वळला आणि त्याने दारू कायमची सोडली.

मे १९३१ मध्ये तो सुटला. १९३३ मध्ये दारूबंदीच उठली. म्हणजे ज्या धंद्यासाठी तो जेलमध्ये गेला, तो आता लोक दुकान थाटून करू लागले. २५ डिसेंबर १९३५ ला, ऐन नाताळात, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्याला पूर्ण माफी दिली. दंड आणि कोर्टाचा खर्च मिळून १०,३०० डॉलरही माफ झाले.

पुढची तीसेक वर्षं तो सिएटलमध्येच साधेपणाने जगला. जेलमधल्या कैद्यांना भेटायचा, बायबल शिकवायचा, दारूतून बाहेर पडू पाहणाऱ्यांना आधार द्यायचा. ३० एप्रिल १९६६ ला तो वारला.

त्यानंतर दीड वर्षाने, डिसेंबर १९६७ मध्ये, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात चार्ल्स कॅट्झ नावाच्या जुगाऱ्याच्या केसचा निकाल लागला. एजंटांनी सार्वजनिक फोन बूथच्या बाहेरून बोलणं ऐकायचं यंत्र बसवलं होतं. यावेळी कोर्टाने सांगितलं की घटना जागेचं नाही, माणसाचं संरक्षण करते आणि वॉरंटशिवाय असं ऐकता येणार नाही. ओल्मस्टेडचा निकाल मोडीत निघाला. तो बघायला ओल्मस्टेड उरला नव्हता.

आपल्याकडे काय झालं?

आपल्याकडचा फोन ऐकण्याचा कायदा बराच काळ इंग्रजांच्या जमान्यातला, १८८५ चा टेलिग्राफ ॲक्ट होता. ओल्मस्टेडसारखाच पेच मुंबईतही पडला होता. १९६४ मध्ये मुंबईच्या कॉरोनरवर लाच मागितल्याचा आरोप झाला आणि पोलिसांनी तक्रारदार डॉक्टरच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडून संभाषण रेकॉर्ड केलं. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा पुरावा मान्य केला. एका बाजूच्या माणसाची संमती होती, हा एक मुद्दा. दुसरा मुद्दा असा की फोनवरच्या बोलण्याला संरक्षण आहे ते निरपराध नागरिकासाठी, गुन्हेगारासाठी नाही.

ऐकायला हे पटतं. पण अडचण अशी आहे की कोण निरपराध हे फोन ऐकायच्या आधी ठरवणार कोण? ओल्मस्टेडच्या ७७५ पानांमागे एकाही न्यायाधीशाची परवानगी नव्हती. फोन ऐकायचा हे खात्याने स्वतःच ठरवलं होतं.

१९९६ मध्ये पीयूसीएल या संघटनेच्या याचिकेवर आपल्या सुप्रीम कोर्टाने फोनवरचं बोलणं हा प्रायव्हसीचा भाग मानला आणि टॅपिंगला नियम घालून दिले. गृहसचिवांच्या पातळीवरचा आदेश हवा, त्याला मुदत हवी, आढावा घेणारी समिती हवी. तरीही परवानगी देणारं आणि आढावा घेणारं आपल्याकडे सरकारच आहे, न्यायाधीश नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने पुट्टस्वामी खटल्यात प्रायव्हसी हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. त्या निकालपत्रात ओल्मस्टेडच्या खटल्याचीही चर्चा आहे.

ओल्मस्टेड काही हिरो नव्हता. त्याने दारू विकली, पोलिसांना लाच दिली, शिक्षाही भोगली. पण वॉरंटशिवाय जोडलेल्या त्या दोन बारीक तारांना तारेच्या टोकाला कोण आहे हे कळत नव्हतं. ऑर्डर द्यायला त्याला फोन करणारा डॉक्टर असो, वकील असो की शेजारी, त्याचंही बोलणं तळघरातल्या त्या वहीत उतरत होतं.