एलेनॉर ग्लुक : हजार मुलांचा मागोवा घेणारी संशोधिका

एकाच वस्तीत वाढणारी, एकाच वयाची दोन मुलं. एक शाळेत रमतो, दुसरा चोरी करताना पकडला जातो. असं का होतं बरं? या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात एलेनॉर ग्लुक यांनी आपलं आयुष्य घालवलं.

एलेनॉर यांचा जन्म १८९८ साली अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. समाजकार्याचं शिक्षण घेऊन त्या बॉस्टन शहरातल्या एका सेवाकेंद्रात काम करू लागल्या. १९२२ मध्ये शेल्डन ग्लुक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२५ साली त्यांनी हार्वर्ड विद्यापीठातून शिक्षणशास्त्राची डॉक्टरेट मिळवली. पुढे दोघांनी जोडीनं संशोधन केलं. शेल्डन हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले, एलेनॉर यांना मात्र ते पद कधीच मिळालं नाही. काम बरोबरीचं, मान कमी! तरी त्या थांबल्या नाहीत.

त्यांचं सर्वांत मोठं काम १९४० च्या सुमारास सुरू झालं. सुधारगृहातली ५०० मुलं आणि बॉस्टनच्या शाळांतली, गुन्हा न केलेली ५०० मुलं त्यांनी निवडली. वय, बुद्धी, वंश आणि वस्ती सारखी असेल अशा जोड्या लावल्या. मग घरी जाऊन पालकांना, शाळेत जाऊन शिक्षकांना विचारलं. दहा वर्षांनी, १९५० साली पुस्तक आलं. मोठा फरक घरात दिसला : आईवडिलांची माया, मुलांवरचं लक्ष आणि शिस्त. शिस्त म्हणजे मारझोड नव्हे, बरं का!

त्यांनी एक तक्ताही बनवला. मूल सहा वर्षांचं असतानाच ते पुढे गुन्ह्याकडे वळेल का, हे त्यावरून सांगता येईल असं त्यांना वाटे. यावर मात्र खूप टीका झाली. एवढ्याशा लेकराच्या कपाळावर शिक्का मारायचा का?

१९७२ मध्ये एलेनॉर गेल्या. पण त्यांनी त्या मुलांच्या नोंदी वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत जपून ठेवल्या होत्या. ही खोकी हार्वर्डच्या ग्रंथालयाच्या तळघरात पडून होती. १९८० च्या दशकात जॉन लॉब आणि रॉबर्ट सॅम्पसन या संशोधकांनी ती उघडली. पुढे सुधारगृहातल्या त्या मुलांपैकी ५२ जणांना ते प्रत्यक्ष भेटले. तेव्हा ते सत्तरीच्या आसपासचे आजोबा झाले होते! त्यातल्या अनेकांनी गुन्ह्याची वाट कधीच सोडली होती. कुणाला टिकाऊ नोकरीनं सावरलं, कुणाला चांगल्या संसारानं, तर कुणाला सैन्यातल्या नोकरीनं.

म्हणजे पाहा, तक्त्यानं जे सांगितलं नाही, ते त्यांच्याच नोंदींनी सांगितलं. लहानपण महत्त्वाचं असतं, पण माणूस पुढेही बदलतो. म्हणून मित्रांनो, वर्गातल्या एखाद्या वांड मुलाला वाया गेलेला म्हणण्याआधी थोडं थांबा. त्याची गोष्ट अजून संपलेली नाही.