इच्छास्वातंत्र्य आणि पंगतीची चाल

व्यसनी माणसाची इच्छाशक्तीच दुबळी, असे म्हणून समाज सहसा मोकळा होतो. गाडगेबाबांचे चरित्र मात्र या निवाड्याचा फेरविचार करावयास लावणारे आहे.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये परीट कुटुंबात जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचे पितृछत्र दारूने हिरावले. आई सखुबाई त्यांना घेऊन माहेरी, दापुऱ्यास आल्या. तेथे गुरे राखीत, शेती करीत ते वाढले. व्यसन रक्तातूनच उतरते असे मानले, तर त्यांचीही वाट ठरलेली होती. त्यात जातीची चाल अशी, की बारसे असले तरी पंगतीला दारू व मटण हवेच. न पिणाऱ्यालाही इतरांना पाजणे भाग पडे, मग त्यासाठी कर्ज का काढावे लागेना! अशा वेळी एकट्याची इच्छा कितीशी स्वतंत्र असणार?

मुलीच्या बारशाला डेबूजींनी गोडाचे जेवण घातले आणि जातभाईंची नाराजी पत्करली. हा नकार एकट्याचा होता. परंतु त्यामुळे दुसऱ्याचा नकार सोपा झाला. १९०५ मध्ये घर सोडल्यानंतर कीर्तनांतून त्यांनी हेच कार्य चालविले. श्रोत्यांना ते प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

व्यसन सोडण्यास निग्रह हवाच. परंतु जेथे पेला नाकारणारा एकटा पडतो, तेथे निग्रहाचा सारा हिशेब व्यसनी माणसाकडेच मागणे न्यायाचे नव्हे.